खंदक दिसला म्हणजे किल्लाच होता, असे नव्हे

"मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लढायांना खंड नव्हता, म्हणून जमीनदार घराभोवती खंदक खणून घेत, आज शेतात दिसणारा प्रत्येक खंदक हा एका हरवलेल्या किल्ल्याचा अवशेष आहे," असा मजकूर छायाचित्रांसह फिरत असतो. खंदक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सोलापूरसारखा भुईकोट उभा राहतो, त्यामुळे तो चटकन पटतोही.

त्या काळी सरदारांची बंडे झाली, हे खरे. पण इंग्लंडमध्ये खंदकाने वेढलेली सुमारे ६००० ठिकाणे ज्ञात असून त्यांपैकी बरीचशी १२५० ते १३५० या शतकातली आहेत. लढाईची धास्ती हेच कारण असते, तर ती स्कॉटलंडच्या सीमेलगत सर्वांत दाट आढळायला हवी होती. प्रत्यक्षात ती दाटली आहेत सीमेपासून दूर, पूर्व इंग्लंडमधल्या सफोक आणि एसेक्स परगण्यांमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या प्रदेशात. अशा जमिनीत पाणी मुरत नाही. चर खणला की त्यात ते आपोआप साठते, घराखालची जागा कोरडी राहते आणि निघालेली माती टाकून ती उंचही करता येते.

"जमीनदार" हा शब्दही फसवा आहे. मध्य इंग्लंडमधल्या वॉरिकशर परगण्याच्या आर्डन भागात जंगल तोडून नवी शेती होत असताना सुस्थितीतल्या स्वतंत्र कुळांनीही खंदक खणले. बड्यांचे अनुकरण आणि आपल्या हद्दीची खूण, या दोन्ही गोष्टी त्यातून साधत. शिवाय मांस वर्ज्य पण मासे चालत अशा ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांसाठी मासे मिळत आणि चोर व मोकाट जनावरे बाहेर राहत. संरक्षण होते ते एवढेच.

रचना पाहिली तर दावा आणखी लंगडा पडतो. कित्येक ठिकाणी तट नाही, बुरूज नाही. खंदकाने वेढलेल्या काही बेटांवर घरही नव्हते, केवळ बाग होती. काही खंदक तर तीनच बाजूंनी आहेत, आणि चौथ्या बाजूने यायचे नाही असा शिष्टाचार शत्रू पाळत असतील, असे वाटत नाही.

पाण्याने खरोखर किल्ला राखल्याचे उदाहरण हवे असेल, तर ते वॉरिकशरमधल्याच केनिलवर्थ किल्ल्याचे आहे. तेथे १२६६ मध्ये विस्तीर्ण तलावामुळे बंडखोरांना वेढणाऱ्या राजाच्या सैन्याला तटाशी सहज भिडता येईना, आणि अखेर उपासमार व रोगराईमुळे किल्ला शरण आला. पण तो बलाढ्य दुर्ग होता. शेतघराभोवतीचा चर त्याच्या पंक्तीला बसत नाही.