ताम्हिणी सकाळी चढा, दुपारी नाही

दिवाळी सरली की पुण्यातल्या सायकल ग्रुपांवर ताम्हिणी घाटाचे बेत सुरू होतात. बहुतेक बेत एकाच साच्याचे असतात. पहाटे चांदणी चौकात जमायचं, पौडला मिसळ-चहा, मुळशीच्या पाण्याकडेने घाटमाथा, घाटाखालच्या विळ्यापर्यंत सुसाट उतार आणि त्याच दिवशी परत. माझ्या मते हा बेतच चुकीचा आहे. अंतर जमण्यासारखं आहे, चुकते ती वेळ.

सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य कड्याच्या पाठीमागे असतो, त्यामुळे घाटातला बराच रस्ता उशिरापर्यंत सावलीत राहतो. दुपारी बारानंतर तोच कडा उन्हासमोर येतो आणि संध्याकाळपर्यंत तापत राहतो. एका दिवसाच्या बेतात नेमकी हीच वेळ चढाला मिळते. पायात आधीच सत्तरेक किलोमीटर, पोटात नुकतंच झालेलं जेवण आणि कोकणातली दमट हवा. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. मग पिंडऱ्यांत गोळे येतात, डोकं दुखू लागतं आणि शेवटी सायकल टेम्पोत चढते. त्या माणसाची तयारी कमी पडली असं सगळे म्हणतात. खरं तर तो चुकीच्या वेळी चढत होता.

म्हणून दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी निवांत निघा आणि अकरा-बाराच्या सुमारास उतरा. तोवर वळणांवरचं दव वाळलेलं असतं. नोव्हेंबरात सावलीतल्या वळणांवर पावसाळ्याचं शेवाळ शिल्लक असतं, आतल्या कडेला वाहून आलेली खडी असते आणि वर ओला पाला. पहाटे उतरणारे इथेच घसरतात. मुक्काम घाटाखाली पाटणूस-भिरा भागात करा. देवकुंड धबधब्याच्या ट्रेकमुळे तिथे घरगुती राहण्याजेवणाची सोय होते. भिऱ्याचं वीजकेंद्र 1927 सालचं. मुळशी धरणाचं पाणी कड्यावरून नळांतून खाली येतं आणि इथे वीज तयार होते. पुढे तेच पाणी कुंडलिकेला मिळतं. याच धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला. पौडहून पुढे जाताना डाव्या-उजव्या हाताला जे निळं पाणी इतकं सुंदर दिसतं, त्याच्या तळाशी लोकांची शेतं आणि घरं आहेत, हे जाता जाता आठवावं. पाणी ज्या उंचीवरून खाली येतं, साधारण पाचशे मीटर, तीच उंची दुसऱ्या दिवशी तुम्हाला चढायची असते.

आता गिअर. माणूस, सायकल आणि सामान मिळून 95 किलो धरू. पुढे 34 आणि मागे 28 दातांचा गिअर, मिनिटाला पेडलचे 60 फेरे: वेग होतो ताशी साडेनऊ किलोमीटर. सात टक्के चढावर त्यासाठी 190 वॉटच्या आसपास ताकद सतत लावावी लागते. मागे 34 दाती कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) टाकली की वेग पावणेआठवर येतो आणि 155 वॉट पुरतात. पुढे पेडलजवळ 26 दातांची छोटी चकती (चेनरिंग) असेल तर सहाच्या वेगाने 120 वॉटमध्ये काम भागतं. तासाभराच्या चढाला बहुतेकांना 190 झेपत नाहीत, 120 झेपतात. महागड्या हलक्या फ्रेमवर पैसे घालण्याआधी कॅसेट बदला. मात्र मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढे मोठे दात पेलतो का आणि चेन लांब लागेल का, हे दुकानात आधी तपासून घ्या.

सर्वांत हलका गिअर शहरात कधी वापरलाच जात नाही. घाटात तो पहिल्यांदा पडतो आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) थोडा जरी वाकलेला असेल तर डिरेलर थेट चाकाच्या आऱ्यांत जातो. डिरेलर तुटतो, आरे तुटतात, सहल तिथेच संपते. घरीच सायकल उचलून तो गिअर टाका आणि डिरेलर हाताने हलकेच आत ढकलून पाहा. आऱ्यांना लागत असेल तर एल लिहिलेला स्क्रू थोडा आवळा. हँगर वाकलेला दिसला तर आधी तो सरळ करून घ्या. तुमच्या मॉडेलचा एक जादा हँगर आणि तुमच्या चेनला बसणारी क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) सोबत ठेवा. ती नऊ गिअरची, दहाची, अकराची वेगवेगळी असते.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग कमी करा आणि वळणात सोडा. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर घासणारे) दाबून ठेवले तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. पुढचं चाक अचानक बसलं तर सावरायला वेळ मिळत नाही. वाटेत रस्त्याची रुंद कड बघून दोनदा थांबा, रिम निवू द्या. ब्रेक पॅडवरच्या खाचा पुसट झाल्या असतील तर निघण्याआधीच नवे पॅड टाका.

पॅनिअरचं (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांचं) कॅरिअर ज्या बोल्टांवर उभं असतं, ते रस्त्याच्या धक्क्यांनी हळूहळू सुटतात. पौडला चहा सांगितला की चार एमएमची अ‍ॅलन की काढून चारही बोल्ट आवळा. जड सामान खाली, दोन्ही बाजूंना सारखं. टायर 32 ते 40 एमएम. 32 असेल तर मागे हवा 65 पीएसआयच्या आसपास, पुढे थोडी कमी. पंक्चर झालं की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. ट्रकच्या टायरमधली बारीक तार तशीच राहिली तर दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते.

दुसऱ्या दिवशी सहा-सव्वासहाला विळे सोडा. पाणी दोन लिटर, सोबत मीठ-साखर. घाटात दुकानांचा भरवसा नाही आणि मोबाइलची रेंज जागोजागी जाते. या वेळी पुण्याच्या गाड्या अजून आलेल्या नसतात. सातच्या वेगाने जाणाऱ्यालाच इथलं जंगल कळतं: जांभूळ, अंजनी, हिरडा, खाली कारवी. नशीब असेल तर शेकरू उडी मारताना दिसतं. हे अभयारण्य आहे, स्पीकर घरी ठेवा.

भर पावसाळ्यात सायकल घेऊन जाऊ नका असंच माझं सांगणं राहील. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीला 24 तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अशा दिवसांत दरड कोसळते आणि धुक्यात गाडीवाल्याला सायकल दिसतच नाही.

साडेआठ-नऊला ताम्हिणीत विंझाई देवीच्या देवळापाशी पोचाल. खाऊन घ्या, पण तासभर रेंगाळू नका. पिरंगुटचा छोटा घाट शेवटी आहे आणि भूगावची वाहतूक दुपारनंतर वाढत जाते. एकच्या आत तो पट्टा पार करा.