महापौर म्हणजे शोभेची बाहुली? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. म्हणणं असं की आपल्याकडचा महापौर म्हणजे शोभेची बाहुली, अधिकार शून्य, आरक्षणाच्या चिठ्ठीत नंबर लागला की कोणीही बसतं, जो बसला त्याचं राजकारण तिथेच संपतं, म्हणून ही भानगडच नको, त्यापेक्षा प्रशासक, म्हणजे निवडून आलेल्यांऐवजी कारभार बघणारा सरकारी अधिकारी, बरा. आधी मामांनी पाठवला, मग शेजारच्या काकूंनी, काल शाळेतल्या मैत्रिणीनेही, म्हणून आता लिहितेच.

अधिकार शून्य, हे अर्धं खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. कारभार आयुक्ताच्या हातात, तो राज्य सरकारने पाठवलेला असतो, आणि पैशाच्या चाव्या नगरसेवकांच्या स्थायी समितीकडे. पण हे उगाच झालेलं नाही. मुंबईचे पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी 1865 पासून इतका खर्च केला की 1871 ला करदाते खवळले, आणि त्या गदारोळातही मुंबईचे पुढारी फिरोजशहा मेहतांनी मांडलं काय तर कारभार एका आयुक्ताकडेच राहू द्या, पण त्याच्यावर देखरेख मात्र निवडून आलेल्या लोकांची हवी. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याचा सांगाडा आजही साधारण तोच आहे. मध्ये 1998 ला मुंबईत आणि नागपुरात महापौर परिषद, म्हणजे महापौर आणि काही नगरसेवकांचं मंत्रिमंडळासारखं मंडळ, आणून महापौराच्या हातात खरी सत्ता देऊन बघितली, पुढच्याच वर्षी ती गुंडाळली. म्हणजे महापौर दुबळा आहे तो कायद्याने ठेवलाय म्हणून, माणसं कुचकामी आहेत म्हणून नाही. आणि शून्य तर नाहीच, सर्वसाधारण सभा महापौर चालवतो, कोणाला बोलू द्यायचं ते तो ठरवतो, मतं समसमान पडली की त्याचं मत निर्णायक, आणि "प्रशासनाने खुलासा करावा" असं त्याने खुर्चीवरून म्हटलं की अधिकाऱ्याला उठून उभं राहावं लागतं. सभागृहाच्या गॅलरीत एकदा बसून बघा, एका टँकरच्या फेऱ्यांवरून अर्धा तास घाम फुटलेला इंजिनियर मी स्वतः बघितलाय.

चिठ्ठीचं म्हणाल तर सोडत फक्त पद कोणत्या प्रवर्गाला ते ठरवते, माणूस नाही. आधी वॉर्डातून निवडून यायचं, मग नगरसेवकांची मतं मिळवायची, हे कोणालाच चुकत नाही. आणि आरक्षण नव्हतं तेव्हा 1956 ला सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्याच होत्या. 2019 ला मुंबईचं पद खुल्या प्रवर्गाला होतं, महिलेसाठी राखीव नव्हतं, तरी किशोरी पेडणेकर आल्या. त्या मूळच्या नर्स, एप्रिल 2020 मध्ये कोरोना ऐन भरात असताना नर्सचा युनिफॉर्म घालून नायर हॉस्पिटलमध्ये गेल्या, तिथल्या मुलींना धीर द्यायला. पक्ष कुठलाही असो, मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

आता राजकारण संपतं हा मुद्दा, आणि हा तर मला सगळ्यात चुकीचा वाटतो. मनोहर जोशी 1968 ला नगरसेवक, 1976 ला महापौर, 1995 ला मुख्यमंत्री आणि 2002 ला थेट लोकसभेचे अध्यक्ष. छगन भुजबळ भायखळ्याच्या बाजारात भाजी विकायचे, 1973 ला नगरसेवक झाले, 1985 ला महापौर, 1999 ला उपमुख्यमंत्री. देवेंद्र फडणवीस 1992 ला नगरसेवक, 1997 ला ऐन विशीत नागपूरचे महापौर, 2014 ला मुख्यमंत्री. पुण्याचे मुरलीधर मोहोळ मार्च 2022 पर्यंत महापौर होते, 2024 ला खासदार आणि लगेच केंद्रात राज्यमंत्री. त्यांच्या आधीच्या मुक्ताताई टिळक 2019 ला कसब्याच्या आमदार झाल्या, आणि 2022 ला इतक्या आजारी असतानाही राज्यसभेच्या मतदानाला अँब्युलन्समधून पुण्याहून मुंबईला गेल्या, त्याच वर्षाच्या शेवटी त्या वारल्या. सगळ्यांचंच जमतं असं नाही, नागपूरचे संदीप जोशी महापौर असतानाच 2020 ला विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात पडले, पण पडणं म्हणजे संपणं नाही. अडीच वर्षं माणूस आपला वॉर्ड सोडून अख्खं शहर फिरतो, पाण्याची लाइन कुठून येते, बजेट कुठे अडतं, विरोधकाला सभागृहात कसं सांभाळायचं हे सगळं तिथे शिकतो, आणि ते शिकलेलं आमदारकीला आयतं उपयोगी पडतं.

राहिला प्रशासक. मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्यासकट मोठ्या महापालिकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं निवडणूकच नाही. त्या काळात आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं, चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजींच्या मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. ऑनलाइन तक्रार केली, आठवड्याने "निराकरण झाले" असा मेसेज आला, पाणी तिथेच. ऑफिसात गेले तर साहेब साइटवर. पूर्वी सकाळी आठला नगरसेविकेच्या दारात जाऊन उभं राहायचो, त्या चहाचा कप हातात घेऊन ज्युनियर इंजिनियरला फोन लावायच्या, आणि नाहीच ऐकलं तर सभेत महापौरांपुढे विषय काढायच्या. त्या बाई तेव्हा माजी झालेल्या, फोन लावला तरी समोरून कोणी उचलेना. शेवटी आम्ही सोसायटीतून वर्गणी काढून खासगी गाडी बोलावली, आणि आजींची मोरी दोन दिवस आम्हीच धुतली.