‘जपानमध्ये सुट्ट्याच नसतात’ म्हणे!

नव्या वर्षाची सुट्ट्यांची यादी लागली की एक निरोप हमखास फिरतो. जपानी माणूस सणावारांत वेळ दवडत नाही म्हणून त्याचा देश पुढे, फिलिपिनो वर्षभर सणच करत बसतो म्हणून मागे; तेव्हा आपणही सुट्ट्या कापाव्यात.

‘जपानमध्ये सुट्ट्या जवळजवळ नाहीत.’ वर्षाला १६ राष्ट्रीय सुट्ट्या आहेत, १९४८च्या कायद्याने ठरलेल्या. सुट्टी रविवारी आली तर बुडत नाही, पुढे भरून मिळते. ही सोय १९७३ पासूनची. दोन राष्ट्रीय सुट्ट्यांच्या मध्ये एकच दिवस अडकला, तर तोही सुट्टीचाच. (रविवारी आलेल्या सुट्ट्या मोजत हळहळणाऱ्यांनी हे वाचू नये.) २०१६ पासून ११ ऑगस्टचा ‘पर्वत दिन’ आणखी वाढला. २०१९ मध्ये नवे सम्राट गादीवर आले तेव्हा सलग दहा दिवस सुट्टी होती. निरोपात खरं आहे ते एवढंच, की तिथली माणसं हक्काची सगळी रजा घेत नाहीत. पण सरकारला त्याचं कौतुक नाही, काळजी आहे. दहा किंवा जास्त दिवसांची भरपगारी रजा मिळणाऱ्याला त्यातली किमान पाच दिवस रजा मालकाने द्यायलाच हवी, असा नियम एप्रिल २०१९ पासून आहे.

‘ते सण पाळत नाहीत.’ २३ नोव्हेंबरचा ‘श्रम-कृतज्ञता दिन’ नावाने कोरडा वाटतो, पण त्याच तारखेला पूर्वी नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवण्याचा राजघराण्याचा विधी, नीनामेसाई, हा सण होता. वसंत आणि शरद संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसांच्या, सुट्ट्यांच्या तारखा कायद्यात लिहिलेल्याच नाहीत. राष्ट्रीय वेधशाळा गणित करते आणि आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत राजपत्रात त्या छापून येतात. त्या दिवसांत लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात. ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पितरांचा सण तर सरकारी यादीतही नाही. तरी कितीतरी कंपन्या बंद असतात आणि गावी निघालेल्यांची गर्दी गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांची आठवण करून देते.

‘फिलिपिनो फुकटच्या सुट्ट्या खातात.’ तिथे सुट्ट्या दोन प्रकारच्या. ‘नियमित’ सुट्टीला घरी बसूनही पगार मिळतो, काम केलं तर दुप्पट. ‘विशेष’ सुट्टीला मात्र खासगी नोकरीत साधारणपणे काम नाही तर पैसे नाहीत; कामावर गेलात तर तीस टक्के जादा. रोजंदारीवरच्या माणसाला हा दिवस परवडतोच असं नाही. यादी फक्त कॅथलिकांचीही नाही: रमजान ईद २००२ पासून राष्ट्रीय सुट्टी आहे.

राहिलं ‘सणांमुळे गरिबी’. फिलिपिन्समधल्या बाकोलोद शहराचा मास्कारा उत्सव घ्या. १९८० मध्ये साखरेचे भाव कोसळले होते, सगळा प्रांत उसावर जगणारा. त्याच एप्रिलमध्ये ‘दोन हुआन’ हे प्रवासी जहाज बुडालं आणि त्या भागातली अनेक माणसं गेली. हसऱ्या मुखवट्यांचा हा उत्सव त्या वर्षी सुरू झाला. म्हणजे इथे हलाखी आधी आली, सण नंतर.

आणि अर्थव्यवस्थेचंच बोलायचं तर जपानने २००० पासून काही सुट्ट्या सोमवारी सरकवल्या, सलग तीन दिवस मिळावेत, लोकांनी फिरावं म्हणून. फिलिपिन्सने २००७ मध्ये कायदा करून बऱ्याचशा सुट्ट्यांचं तेच केलं, देशांतर्गत पर्यटन वाढावं म्हणूनच.