फुकट फुकट म्हणता, आधी सगळा हिशेब तरी सांगा!

माझी गाडी 1991 ची माझदा मियाटा, 1.6 लिटरची. न्यू जर्सीतल्या गॅरेजात तिला जिवापाड जपतोय. पण ट्यूनिंगचा, म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी द्यायची ते बसवण्याचा, विषय निघाला की दर वेळी तेच ऐकायचं, "अरे, सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं!"

कसलं फुकट? हिच्या मूळ ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, लॅपटॉप जोडून नवा मॅप (पेट्रोल-ठिणगीच्या आकड्यांचे तक्ते) भरायची सोयच नाही. म्हणजे आधी वेगळा ईसीयू आला. मेगास्क्वर्ट घ्या नाहीतर स्पीडुइनो, दोन्ही ट्यूनरस्टुडिओ नावाच्या सॉफ्टवेअरमधून ट्यून करता येतात. त्याची साधी आवृत्ती फुकट आहे, पण गाडी चालवता चालवता इंधनाचा तक्ता आपोआप सुधारून हवा असेल तर परवाना विकत घ्यावा लागतो. घेईन की! कुणाच्या मेहनतीचे पैसे द्यायला माझी ना नाही. पण आधी सांगाल की नाही? हवा-पेट्रोलाचं प्रमाण कमी-जास्त कितीही असलं तरी मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचं तर कुणी नावच काढत नाही. जुना ऑक्सिजन सेन्सर 14.7 च्या (वजनाने एक भाग पेट्रोलाला 14.7 भाग हवा) आसपासच काय ते नीट सांगतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोल जास्त लागतं, नेमका तिथे तो आंधळा.

आणि ते "माझा मॅप टाक, चालेल" म्हणणारे! अरे, तुझे इंजेक्टर वेगळे, तुझं पेट्रोल वेगळं. एका विक्रेत्याने तर असलाच मॅप "खास तुमच्या गाडीसाठी" म्हणून मला विकला. पहिल्याच चढावर पेट्रोल आपोआप पेटून इंजिन ठोकायला लागलं. पाय काढला म्हणून पिस्टन वाचले.