बंबातला क्षार आणि टाकीतला गुलाबी थर

नमस्कार सर,

कोरलाइनवरच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत दगडांवर वाढणाऱ्या गुलाबी शैवालावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही निपाणीहून लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. टाकी लावून सात महिने झाले, तरी दगड पांढरेच आहेत. ‘पहिले चार महिने कॅल्शियम वगैरे काही घालू नका’ या माझ्या सल्ल्यात तुमचा वेळ फुकट गेला. बोअरच्या पाण्यानं बंबात बोटभर क्षार बसतो, म्हणजे कॅल्शियम त्यात भरपूर आहे, मग आरओवर पैसे कशाला घालवायचे? तंबाखूचा चुना कुठंही मिळतो, तो का चालत नाही? आणि मालवण इतकं जवळ असताना तिथलाच एक दगड उचलून आणला तर काय बिघडलं?

आधी माझी चूक. माझी टाकी सुरू झाली तेव्हा गोव्यातल्या एका मित्रानं त्याच्या जुन्या टाकीतले दोन किलो लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत समुद्री वस्ती असलेले दगड, दिले होते. त्यांच्यावर गुलाबी ठिपके आधीपासूनच होते. लेख लिहिताना ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही, कारण मला ती कधी वेगळी करावी लागली नव्हती. तुम्ही सगळा ड्राय रॉक घेतलाय. त्यावर जिवंत काहीच नसतं. कोरलाइन हे लाल शैवाल आहे, दगडाला चढणारा रंग नाही. त्याचे बीजाणू किंवा जिवंत तुकडा कुठून तरी टाकीत यायलाच लागतो. बी पेरलंच नाही तर सात महिने मशागत करून काय उगवणार? तुमच्या सात महिन्यांचा दोष तुमच्याकडे नाही, माझ्या लेखात राहिलेल्या त्या एका वाक्याकडे आहे. आज ते लेखाच्या सुरुवातीलाच घातलंय.

पण चार महिने काही घालू नका, यावर मी आजही ठाम आहे. त्याचं कारण तुमच्या बंबातच आहे.

बंबातला थर कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि कोरलाइनच्या अंगातही कॅल्शियम कार्बोनेटच. तिथवर तुमचं बरोबर आहे. पण बंबात तो बसतो कसा? पाणी तापतं, त्यातलं बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेलं कार्बोनेट कॅल्शियमला घेऊन पत्र्याला चिकटतं. कोरलाइन हेच काम जिवंतपणी करते. उजेडावर जगते आणि स्वतःच्या पेशींच्या भिंतींत कॅल्शियम कार्बोनेट रचत जाते, त्यात मॅग्नेशियमही गुंफते. टाकीत कॅल्शियम आणि केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं अंशांतलं माप) दोन्ही वाढवून ठेवले तर गुलाबी थर येत नाही, बंबातला थर येतो. हे मी स्वतः करून बसलोय. दुसऱ्या वर्षी घाईघाईनं केएच वाढवणारं बफर घालत गेलो आणि केएच १३ वर नेला. पंधरा दिवसांत हीटरच्या कांडीवर पांढरी खरखरीत साल चढली, वेव्हमेकरचं, म्हणजे टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, चाक अडखळायला लागलं. काढून व्हिनेगरमध्ये ठेवलं तर फसफसून सगळं निघालं. तेवढं कॅल्शियम पाण्यातून गेलं आणि कोरलाइनला त्यातला कणही मिळाला नाही.

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) असतं, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास आणि केएच ७. चांगलं मीठ ३५ पीपीटीला (हजारात ३५ भाग) कालवलं की हे सगळं पहिल्या दिवशीच टाकीत असतं. नव्या टाकीत ते खाणारं कोणी नसतं, म्हणून दर आठवड्याला थोडं पाणी बदललं तरी पुरतं. मॅग्नेशियमकडे मात्र लक्ष ठेवा. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वाढायला लागले की ते आड येतं आणि आपोआप खाली बसण्याला आवर घालतं. ते १,२०० च्या खाली गेलं तर कॅल्शियम आणि केएच जागेवर ठेवणं फार अवघड जातं.

आता बोअर. तुमच्या पाण्याची अल्कलिनिटी (केएचचंच दुसरं माप, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला ३०० मिलिग्रॅम धरा, म्हणजे केएच जवळपास १७. दोनशे लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज दोन लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. त्या जागी बोअरचं दोन लिटर घातलं की केएच रोज ०.१७ नं चढतो, महिन्यात ५ नं. तुमच्या बंबाला जे व्हायला वर्ष लागतं ते टाकीत दोन महिन्यांत होईल. शिवाय शेताकडेच्या बोअरमधून खताचं नायट्रेट येतं आणि सिलिकेटही येतं, ज्यावर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी लेप पोसतो. दगडावर तपकिरी आणि हिरवं माजलं की कोरलाइनला बसायला जागाच उरत नाही. आमच्याकडे बेळगावात राकसकोपचं पाणी मऊ आहे, तरी मी नळाचं सरळ वापरत नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. आणि एक तपासा. घरच्या पिण्याच्या आरओत बहुतेक वेळा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करा, मिनरलचं कार्ट्रिज असेल तर तेही काढा. पाण्याचा टीडीएस शून्याच्या जितका जवळ तितकं बरं.

चुन्याबद्दल तुम्ही विचारलंत ते वाचून खरंच आनंद झाला. रसायन म्हणून तुम्ही अगदी बरोबर आहात. जगभरचे लोक काल्कवासर या जर्मन नावानं जे टाकीत सोडतात, ती आपली चुन्याची निवळीच. शाळेत नळीनं फुंकर मारून दुधाळ केली होती, आठवतं का? ती दुधाळी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. निवळी टाकीत एकदम ओतली की हेच होतं, पाणी पांढरं होतं आणि पीएच भसकन वर जातो. पूर्ण मुरलेल्या निवळीचा पीएच १२.४ असतो, मासा त्यात टिकत नाही. म्हणून ती थेंब थेंब, रात्री सोडायची. दिवसा शैवाल कार्बन डायऑक्साइड खातं म्हणून पीएच वर असतो, रात्री उतरतो. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो, उरलेला गाळ खालीच राहू द्यायचा. तंबाखूच्या डबीतला चुना मी घालणार नाही, कारण तो कुठल्या भट्टीचा, त्यात आणखी काय मिसळलंय, हे डबीवर कळत नाही. खाद्य दर्जाचं कोरडं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. पण आज नको.

मग कधी? इथं मी कॅल्शियम सोडून केएच मोजायला सांगतो, तुम्हाला ते उलटं वाटलं. हिशेब असा. कोरलाइननं केएच एक अंशानं उतरवला तर कॅल्शियम ७ पीपीएमनंच उतरतं. ४२० चं ४१३ झालेलं आपल्या किटच्या थेंबांत दिसत नाही. केएच ८ चा ७ झाला की स्पष्ट दिसतो. पाणी न बदलता आठवडाभरात केएच अर्ध्या अंशानं उतरायला लागला की समजा, टाकीत कोणी तरी जेवायला बसलंय. निवळी तेव्हा सुरू करा, आणि उतरला तेवढाच भरून काढा.

उजेडाचंही. बारा तास पूर्ण ताकदीनं एलईडी चालू असतो असं तुम्ही लिहिलंय. कोरलाइनला इतका उजेड मानवत नाही. बहामाजवळच्या समुद्रात ती २६८ मीटर खोलीवर सापडली आहे, जिथं उजेड नावापुरताच पोचतो. तिच्यातलं लाल रंगद्रव्य निळसर हिरव्या उजेडावर काम करतं. माझ्या टाकीत दगडांव्यतिरिक्त पहिला ठिपका वेव्हमेकरच्या ब्रॅकेटखाली, सावलीत आला. मोहरीएवढा. भिंगातून बघितला तर कडा पांढरट आणि मधे गुलाबी. आठवड्यानं तोच ज्वारीच्या दाण्याएवढा झाला होता आणि शेजारी दोन नवे. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. तुम्ही आठ तास आणि निम्म्या ताकदीवर या, फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या खाली ठेवा, ते वाढलं की कॅल्शियमचा थर रचणं मंदावतं. डिसेंबरात हीटर बंद ठेवू नका, आपल्याकडच्या थंडीत रात्री पाणी गार पडतं.

मालवणचा दगड आणू नका, ही मात्र विनंती. तिथला सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. उचललेल्या दगडावर नखाएवढं प्रवाळ असलं तरी गुन्हा होतो. कायदा बाजूला ठेवला तरी तो गुलाबी थरच तिथल्या तुटक्या दगडांना सांधून धरतो आणि प्रवाळांची पिल्लं बसायला त्याचीच जागा शोधतात. आपल्या काचेतल्या हौसेसाठी तो तिथून खरवडून आणणं मला पटत नाही. त्याची गरजही नाही.

माझ्या मागच्या काचेवर आता इतकी कोरलाइन आहे की दर पंधरा दिवसांनी प्लॅस्टिकच्या कार्डानं खरवडावी लागते. मासळीच्या खवल्यांसारख्या चकत्या निघतात. येत्या रविवारी बेळगावला या. रुंद तोंडाचा थर्मास आणा, टाकीच्याच पाण्यात चकत्या घालून देतो, निपाणीपर्यंत सहज टिकतील. एक-दोन गोगलगाईही देतो, त्यांच्या पाठी पूर्ण जांभळ्या झाल्यात, आणि हिरवळ त्या चरून काढतील. एप्टेशिया (टाकीत माजणारं उपद्रवी समुद्रफूल) किंवा बुडबुड्याचं शैवाल बरोबर जाऊ नये म्हणून सगळं भिंगाखाली घालून दोघं मिळून बघू. घरी गेल्यावर स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) चार तास बंद ठेवा, निम्म्या चकत्या बोटांनी चुरून वेव्हमेकरच्या धारेत सोडा, उरलेल्या दगडांच्या फटीत बसवा. नंतर दोन-अडीच महिने काच आणि दगडांच्या सावलीच्या बाजू बघत राहा.

आणि येताना बोअरचं पाणी बाटलीभर आणा. मी ३०० धरलंय ते अंदाजानं, त्याचा केएच इथंच किटवर मोजू. कमी निघाला तर ते वरचं गणित तुमच्या आकड्यानं पुन्हा मांडतो.