सात सीट नकोत, डिकी द्या

चार बॅगा. प्रत्येकी तेवीस किलो, आणि तेवीस म्हणजे तेवीसच, कारण आईंकडे हुकाचा वजनकाटा आहे आणि काटा 22.8 दाखवायला लागला की त्या कुळथाच्या पिठाची आणखी एक पुडी कोंबतात. वर हातातल्या दोन बॅगा, एक पर्स (तिला पर्स म्हणणं पर्सवर अन्याय आहे) आणि बाबांची छत्री. हा सगळा संसार फ्रँकफर्ट विमानतळाच्या पार्किंगमध्ये एका भाड्याच्या छोट्या एसयूव्हीसमोर मांडून आम्ही पाच जण उभे होतो. मी, नवरा, सासू-सासरे आणि चार वर्षांची लेक, जिची चाइल्ड सीट मागची दीड जागा खाते.

गाडी बाहेरून काय रुबाबदार! उंच, थोराड, पुढून एकदम दटावल्यासारखी बघणारी. डिकी उघडली तर दोन बॅगा आडव्या, तिसरी तिरकी आणि चौथी बाहेर. मग चौथी आईंच्या पायाखाली गेली, हातातली एक त्यांच्या मांडीवर, आणि न्यूर्नबर्गच्या आमच्या घरापर्यंतचे सव्वादोनशे किलोमीटर त्यांनी गुडघे पोटाशी घेऊन काढले. तक्रारीचा एक शब्द नाही. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

त्या रात्री नवऱ्याला सांगितलं, आता भाड्याच्या गाड्या बस झाल्या, आपली घ्यायची आणि घ्यायची ती कोम्बी.

कोम्बी म्हणजे स्टेशन वॅगन. सेडानची डिकी मागे छपरापर्यंत उचलून नेली की जे होतं ते. जर्मनीत ही गाडी म्हणजे पोळी-भाजी आहे. रस्त्यात उभं राहून पाच मिनिटं मोजा, दहा-बारा तरी जातील. प्रत्येक कंपनीने नाव मात्र वेगळं ठेवलंय. फोक्सवॅगनची व्हेरियंट, आउडीची अवांट, बीएमडब्ल्यूची टूरिंग, मर्सिडीजची टी-मॉडेल, फोर्डची टुर्निअर. स्कोडा बिचारी सरळ कॉम्बीच म्हणते. आणि पासाटचं नवं मॉडेल 2023 मध्ये आलं तेव्हा युरोपात फोक्सवॅगनने त्याची सेडान आणलीच नाही, ठेवली फक्त व्हेरियंट. आपल्याकडे बरोबर उलटं झालं. 1992 ची टाटा इस्टेट आठवते? नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना? चांगल्या गाड्या होत्या, पण आपल्या लोकांना मागून लांब गाडी बघवत नाही. मग 2006 च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं अबकारी शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं आणि वॅगनची उरलीसुरली आशाही संपली. चार मीटरमध्ये वॅगन बसवणार कशी? सेडानसुद्धा शेपूट कापून बसवावी लागली.

त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मी बाबांना कोम्बीचा फोटो दाखवला तेव्हा ते सांगलीच्या घरातून शांतपणे म्हणाले, "सूनबाई, अँब्युलन्स कशाला घेताय?"

नवऱ्याचंही मन एसयूव्हीतच होतं. "उंच बसलं की बरं वाटतं." वाटतं ना, नाही कोण म्हणतंय. पण मी आकडे काढले. फोक्सवॅगनच्या पहिल्या पिढीच्या टी-रॉकसारख्या छोट्या एसयूव्हीची डिकी 445 लिटर. त्याच घराण्यातल्या सातव्या पिढीच्या गोल्फ व्हेरियंटची 605. 2013 ते 2020 मधल्या स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बीची 610. टोयोटाच्या करोला टूरिंग स्पोर्ट्सची, म्हणजे करोलाच्या कोम्बीची, 1.8 लिटर हायब्रिडमध्ये (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही) 596. 2023 च्या आधीच्या पासाट व्हेरियंटची तर 650. आणि या सगळ्या बुटक्या असल्यामुळे वारा कमी अडवतात, म्हणजे ऑटोबानवर, इथल्या महामार्गावर, ताशी 130 ने जाताना पेट्रोल कमी पितात. डिकीचा उंबरठाही खाली असतो, तेवीस किलोची बॅग कंबरेच्या वर उचलायची गरज नाही. साठीच्या पुढची माणसं वर्षातले तीन महिने आपल्याकडे असणार असतील तर हा उंबरठा सनरूफपेक्षा महत्त्वाचा आहे.

"मग सात सीटची घेऊ," हा त्याचा पुढचा डाव. भारतातून आलेल्या प्रत्येक जोडप्याला हा मोह होतो. आई-बाबा येतील, मित्र येतील, सगळे एकत्र जाऊ. सातही जण बसल्यावर त्यातल्या बहुतेक गाड्यांत सामानाला हातभर जागा उरते, हे कुणी बघत नाही. सात माणसं आणि शून्य बॅगा अशी सहल मराठी कुटुंबाने कधी काढलीय का, मला एक दाखवा. आम्ही पाच जण एका दिवसासाठी निघालो तरी चटई, थर्मास, बदलायचे कपडे, लेकीची सायकल आणि "असू दे" या सदरात मोडणाऱ्या तीन पिशव्या असतात.

आता पैशाची गोष्ट, कारण बजेट होतं वीस हजार युरो आणि त्यात हिवाळी टायरही आले पाहिजेत.

ऑफिसमधला जो तो म्हणत होता, कोम्बी म्हणजे डिझेल. पंपावर डिझेल स्वस्त असतं हे खरं, कारण सरकारच लिटरमागे कर कमी घेतं, डिझेलवर 47 सेंट आणि पेट्रोलवर 65. पण ती सूट सरकार दुसऱ्या खिशातून काढून घेतं. गाडीच्या वार्षिक करात डिझेलला दर शंभर सीसीमागे साडेनऊ युरो, पेट्रोलला दोन. म्हणजे दोन लिटरच्या डिझेलला नुसत्या इंजिनाच्या आकाराचे 190 युरो, 1.8 च्या पेट्रोल हायब्रिडला 36. धुराचा कर त्यावर वेगळा. मी वहीत मांडलं. आमचं रनिंग वर्षाला दहा हजार किलोमीटर, कारण दोघंही ऑफिसला ट्रेनने जातो. डिझेल शंभर किलोमीटरला 5.2 लिटर धरलं आणि भाव 1.60, तर 832 युरो. हायब्रिड 5 लिटर, भाव 1.75, तर 875. म्हणजे डिझेलने पंपावर वाचवले 43 आणि करात घालवले 154. शिवाय आमच्या फेऱ्या कसल्या, तर किंडरगार्टन, दुकान, पोहण्याचा क्लास. चार-चार किलोमीटर. डिझेलचा काजळीचा फिल्टर जळून साफ व्हायला गाडी नीट तापून मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ धावावी लागते. अशा फेऱ्यांत तो बिचारा चोंदून जातो आणि मग त्याचं बिल येतं. रोज ऐंशी किलोमीटर ऑटोबान असेल तर खुशाल डिझेल घ्या, तिथे त्याला तोड नाही. आमच्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

विश्वासार्हतेचं म्हणाल तर मी ब्रँडवर कधीच गेले नाही. "जर्मन गाडीला काही होत नाही" हे वाक्य मला जर्मन माणसाने कधी म्हटलेलं नाही, फक्त भारतीयांनी आणि विकणाऱ्यांनी म्हटलंय. (विकणाऱ्यावर येतेच.) इथे एडीएसी नावाची वाहनधारकांची संघटना आहे, रस्त्यात बंद पडलात की पिवळी गाडी घेऊन येणारे ते हेच. ते दरवर्षी आपल्या मदतीच्या नोंदींवरून कुठलं मॉडेल किती वेळा बंद पडलं याचा तक्ता काढतात. फुकट वाचायला मिळतो. त्यात एक मजेशीर गोष्ट कळते. बंद पडण्याच्या घटनांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त घटना साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीमुळे असतात. ना इंजिन, ना गिअरबॉक्स. त्यामुळे महिनाभर भारतात जाणार असाल तर ती सोडवून जा किंवा जंप स्टार्टर घेऊन ठेवा.

मला करोला हायब्रिडकडे ओढलं ते तिच्यात काय *नाही* या यादीने. स्टार्टर मोटर नाही. अल्टरनेटर नाही. नेहमीच्या गाडीसारखी झिजणारी क्लच प्लेट नाही. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. गिअरबॉक्स म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचा एक संच आणि दोन इलेक्ट्रिक मोटर. जे गाडीत बसवलेलंच नाही ते बिघडणार कसं, हे माझं इंजिनिअरिंग. उलट काही छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असतो, तो झिजला की त्याचा चुरा तेलाच्या जाळीत अडकतो. सेकंडहँड घेताना इंजिनात बेल्ट आहे की चेन, कोरडा की ओला, एवढं विचारलं तरी विकणारा तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

अवगुणही सांगते. जोरात पाय दिला की इंजिन मिक्सरमध्ये चटणी वाटल्यासारखं ओरडतं आणि वेग मात्र आपल्या गतीने येतो. मागच्या ब्रेक डिस्क गंजू शकतात, कारण गाडी थांबवण्याचं बरंचसं काम मोटरच करते. आणि मागच्या सीटखाली मोठ्या बॅटरीला हवा घेणारी एक जाळी असते, ती मोकळी आणि स्वच्छ ठेवावी लागते. आमच्या जाळीत पहिल्या सहा महिन्यांत पातळ पोह्यांचा चिवडा, दोन रंगीत खडू आणि एक हेअरपिन निघाली.

आता तो विकणारा. शहराबाहेर एका मोकळ्या मैदानात पताका लावून गाड्या उभ्या करणारा एक जण. गाडी सुरेख, 2018 ची कोम्बी, किंमत बाजारापेक्षा पंधराशेने कमी. "आठ टायरसकट," म्हणजे उन्हाळी आणि हिवाळी दोन्ही संच. मी गुडघ्यावर बसून हिवाळी टायरच्या कडेचे आकडे वाचले. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 4113. 2013 सालच्या एक्केचाळिसाव्या आठवड्यातले टायर, गाडीपेक्षा पाच वर्षांनी मोठे. सर्व्हिसच्या वहीत शेवटचा शिक्का 2021 चा. तरीही नवरा त्या गाडीच्या प्रेमात होता आणि खरं सांगायचं तर मीही थोडी होते.

करारावर सही करायची वेळ आली तेव्हा सोबत आलेल्या बांबेर्गच्या सहकाऱ्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "इम कुंडेनआउफट्राग". म्हणजे ग्राहकाच्या वतीने. कागदावर विकणारा हा दुकानदार नव्हताच, कुणीतरी खासगी माणूस होता. इथे पाणी मुरतं. दुकानदाराने विकलेल्या जुन्या गाडीवर किमान वर्षभर कायद्याने जबाबदारी असते, आणि 2022 पासून पहिल्या बारा महिन्यांत दोष निघाला तर तो आधीपासून नव्हता हे त्याने सिद्ध करायचं असतं. खासगी माणूस मात्र ही जबाबदारी एका ओळीत झटकू शकतो. ते पंधराशे युरो कमी का होते, ते त्या दोन शब्दांत होतं. आम्ही उठलो. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "गाडी चांगली होती गं." मी काही बोलले नाही, संसार आहे.

शेवटी अधिकृत विक्रेत्याकडे 2020 ची करोला टूरिंग स्पोर्ट्स मिळाली. 58 हजार किलोमीटर, एकच मालक, वहीत सगळे शिक्के. किंमत पहिल्या गाडीपेक्षा दोन हजारांनी जास्त. दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी होते, तिला सगळे ट्यूफच म्हणतात. तिचा अहवाल मागून घेतला, त्यावर त्या दिवसाचं किलोमीटरचं रीडिंग असतं आणि ते वहीशी जुळवून बघता येतं. शिवाय टोयोटाच्या अधिकृत ठिकाणी सर्व्हिस केली की, ठरावीक मर्यादेपर्यंत, पुढच्या सर्व्हिसपर्यंत वॉरंटी वाढत जाते. रंग पांढरा. बाबांच्या अँब्युलन्सच्या थिअरीला त्याने बळच मिळालं.

आणि हो, टेस्ट ड्राइव्हला जाताना मी घरातल्या चार मोठ्या बॅगा आणि चाइल्ड सीट घेऊन गेले होते. सेल्समन आधी हसला. मग त्यानेच मागचा पडदा काढून बॅगा लावायला मदत केली. चारही उभ्या बसल्या, वर हातातल्या दोन. लाज वाटून घेऊ नका, वीस हजार युरो देताय.

आता वर्ष झालं. सरासरी शंभर किलोमीटरला 4.9 लिटर, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला वीस. या मे महिन्यात आई-बाबा पुन्हा आले. विमानतळावरून घरी परतताना श्पेसार्टच्या जंगलातल्या थांब्यावर धो-धो पाऊस लागला. डिकीचं दार वर केलं तर छपरासारखं झालं. आई उंबरठ्यावर बसल्या, पाय मोकळे सोडून, आणि विमानातून जपून आणलेल्या पोळ्यांना लसणाची चटणी लावून एकेक गुंडाळी सगळ्यांच्या हातात दिली. शेजारच्या उंच गाडीतलं कुटुंब काचा लावून आत बसलं होतं. बाबांनी डिकीच्या दाराला खालून दोनदा थापटलं आणि म्हणाले, "पत्रा बरा आहे." बाबांच्या तोंडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

परवा आईंनी फोनवर विचारलं, पुढच्या वेळी घरघंटी आणली तर डिकीत बसेल का? बसेल म्हटलं. विमानाचं त्यांनी विचारलंच नाही.