‘शाया’ ही शुद्धलेखनाची चूक नव्हे
अहिराणी (खानदेशातली बोली) बोलणारी पहिलीतली मुलं ‘शाळा’ऐवजी ‘शाया’ लिहितात, म्हणून एका लेखात शिक्षकांना रोज दहा ओळी शुद्धलेखनाचा उपाय सुचवलाय. पण हाताआधी कान तयार व्हायला हवा. अहिराणीत मराठीच्या ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो (डोया, काया, धुये), त्यामुळे पोराला फरक ऐकूच येत नाही. गाळ-गाय, बाळ-बाय, साळ-साय अशा जोड्या घ्या. चित्रं मांडा, शब्द तुम्ही म्हणा, पोरानं नुसतं बोट ठेवायचं. दहापैकी आठ बरोबर आले की मग उच्चार. ‘ळ’ला जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं आणि पुढे सुटतं, ‘य’ला टोक टेकतच नाही. (आरसा फारसा कामाचा नाही, वळलेली जीभ त्यात नीट दिसत नाही.) लिहिणं सगळ्यात शेवटी. घाई केली, रागावलात, तर पोरं ‘पाय’चंही ‘पाळ’ करून बसतात आणि ते निस्तरणं जास्त जड जातं.

‘माले’, ‘मनी माय’ हे वेगळं प्रकरण. तिथे शब्दाचं रूपच वेगळं, शेजारी ‘मला’, ‘माझी आई’ लिहून दाखवलं की भागतं.

आणि लेवा बोली (जळगावकडच्या लेवा पाटीदारांची) म्हणजे अहिराणी नव्हे. त्या लेखात दोन्ही एकाच गाठोड्यात बांधल्यात.